जुना चॅम्पियन परत येतो तेव्हा काय बघायचं

बॉक्सिंगचं वेड लागलंय तुला, छान. पण निवृत्तीनंतर परतणाऱ्या जुन्या चॅम्पियनच्या सरावाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ बघून पैज लावायला निघालास, म्हणून सांगतो. प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर सगळेच जोरात मारतात. पॅड उलटा ठोसा देत नाही.

पिळदार शरीराला तर अजिबात भुलू नकोस. 1980 साली तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्ससमोर उतरलेला 38 वर्षांचा मुहम्मद अली काय सडपातळ, देखणा दिसत होता! थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलं होतं त्याने. प्रत्यक्षात पायांत जीव नव्हता, हात उठत नव्हते. दहा फेऱ्यांनंतर त्याच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनेच लढत थांबवली. ती पूर्ण बघ, मन घट्ट करून.

ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. पाय आणि नजर आधी जातात, म्हणून तिथे लक्ष ठेव. लोक तुला जुना चॅम्पियन जॉर्ज फोरमनचं नाव ऐकवतील: 1994 मध्ये 45व्या वर्षी त्याने तेव्हाचा चॅम्पियन मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवा केला. खरंय. पण तो 1987 पासूनच परत लढत होता, आणि त्या रात्रीही तिन्ही पंचांच्या गुणांत मागेच होता. उजव्या हाताच्या एका ठोशाने तारलं.

आणि हो, लढतीच्या अटी वाचत जा. 2024च्या माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलच्या लढतीत फेऱ्या आठच, त्याही नेहमीपेक्षा छोट्या, दोन-दोन मिनिटांच्या, ग्लोव्ह्ज नेहमीपेक्षा जाड, 14 औंसांचे. 58 वर्षांचा टायसन तरी पहिल्या दोन फेऱ्यांतच दमला.

पैज लावायचीच तर चहाची लाव.