ऊनोची रॅम पुरत नाही, एसटीएम३२ घेऊ का?

प्रश्न : आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर मी तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र बनवलं आहे. १२८ × ६४ चा ओलेड डिस्प्ले आणि एसडी कार्ड एकत्र जोडलं की ते मध्येच बंद पडतं. मित्र म्हणतो, एसटीएम३२ हा मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी चिप) घे, ७२ मेगाहर्ट्झवर चालतो. पण त्याचं सॉफ्टवेअर किचकट आहे असंही ऐकलंय. काय करू?

उत्तर : घ्या, पण वेगासाठी नको. तुमचं घोडं बहुधा रॅमपाशी अडलंय. डिस्प्लेचं पूर्ण चित्र मेमरीत ठेवायला १०२४ बाइट लागतात, कार्डाच्या एका ब्लॉकला ५१२. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपची सगळी रॅम २०४८ बाइट. उरलेल्या ५१२ मध्ये तुमचे व्हेरिएबल आणि स्टॅक (फंक्शन चालताना लागणारी तात्पुरती जागा) कसेबसे मावणार. एसटीएम३२ फॅमिलीतल्या एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपमध्ये २० केबी रॅम आहे.

मला स्वतःला ही फॅमिली आवडते ती डीबगरमुळे, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आतलं दाखवणाऱ्या साधनामुळे. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये मोटरचा वेग मधूनच शून्य व्हायचा. ऊनोवर असताना मी जागोजागी सीरियल प्रिंट (व्हेरिएबलची किंमत संगणकावर दाखवणाऱ्या ओळी) टाकायचो, आणि एक प्रिंट वाढवला की चूक गायब! तोच प्रोग्रॅम एसटीएम३२वर आणला, एसटी-लिंक हा डीबगर जोडला आणि वेगाच्या व्हेरिएबलवर वॉचपॉइंट लावला. त्यात कोणी लिहिलं की प्रोसेसर थांबणार. थांबला तो डिस्प्लेचा मजकूर तयार करणाऱ्या ओळीवर. ३२ बाइटांच्या अ‍ॅरेत मी ३२ अक्षरं भरत होतो, आणि मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य शेजारच्या व्हेरिएबलवर पडत होतं. त्या दिवसापासून कुठलीही चिप निवडताना मी आधी विचारतो, हिला चालता चालता थांबवून आत डोकावता येतं का? एटीमेगा३२८पीमध्येही एका तारेवरून डीबगिंग होतं, पण त्यासाठी ऊनोवरची रिसेटची एक जोडणी तोडावी लागते.

सॉफ्टवेअर किचकट आहे, हे खरं. क्यूबएमएक्स या चिपची मांडणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकची (चिपची गती ठरवणाऱ्या भागाची) आकृती पहिल्यांदा पाहिली की गांगरायला होतं. तिथे घाई करू नका. दोन गोष्टी मात्र वहीत लिहून ठेवा. एफ१०३साठी प्रोजेक्ट करताना ‘डीबग’ समोर ‘सीरियल वायर’ निवडा. ते राहिलं तर पहिला प्रोग्रॅम चालू होताच चिप डीबगरचे पिन बंद करते आणि एसटी-लिंकला सापडेनाशी होते. अशा वेळी चिप जळली समजून काढून टाकू नका. रिसेट दाबून धरा, कनेक्ट करा, मग बटण सोडा. दुसरं, तुमचा कोड ‘यूझर कोड बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्या मधेच लिहा. बाहेर लिहिलेलं पुढच्या वेळी कोड जनरेट केला की पुसलं जातं.

हार्डवेअर ३.३ व्होल्टचं आहे. ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडण्याआधी डेटाशीटमध्ये त्या पिनपुढे ‘एफटी’ (५ व्होल्ट सहन करणारा पिन) आहे का पाहा. सेटिंग जपून ठेवायची ईईप्रॉम मेमरी यात नाही, पण तुमच्याकडे कार्ड आहेच, सेटिंग त्यावर ठेवा.

आणि ऊनो मोडीत काढू नका. एखादा रिले नि दोन बटणं, एवढ्या कामाला आजही मी तोच घेतो.