सीझनभर एकही मॅच जिंकलो नाही, निम्मी पोरं गाव सोडून गेली. गावातला हौशी फुटबॉल क्लब बंद करावा का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि खरं सांगते, बराच वेळ झोप लागली नाही. सिंधुदुर्गातलं गाव, बारा वर्षांचा क्लब, यंदा एकही विजय नाही, सहा पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला गेली, एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय टी-शर्ट आणि बूट देतो पण क्लबला माझं नाव लावा, ग्राउंड गावातल्या एकाच्या जागेत, आणि कमिटीतले काही जण म्हणतायत आता पुरे. शेवटी तुम्ही विचारलंय की जुन्या लोकांनी अशी वर्षं कशी काढली असतील.

माझ्या आजोबांनी काढलं असं एक वर्ष. त्याची हिशेबाची वही माझ्या कपाटात आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव गोव्यात, बार्देशात, शापोरा नदीच्या काठाला. शिवोली जवळच. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाच्या पाद्रीनं गोव्यात फुटबॉल आणला तो याच शिवोलीत, त्यामुळे आमच्या भागात हा खेळ कोणाला शिकवावा लागला नाही. आमचा क्लब निघाला तो दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ ला. लढाईच्या काळात जहाजांवर कुक-स्टुअर्ड म्हणून गेलेले गावातले तारवटी परत आले, त्यातल्या एकानं येताना लेदरचा बॉल आणला आणि तो बॉल हाच क्लब. अर्धी पोरं ख्रिश्चन, अर्धी हिंदू. सेक्रेटरी मिनिट्स पोर्तुगीजमध्ये लिहायचा आणि आजोबा खजिनदार, त्यांचा हिशेब मराठीत. शिवाय ते गोलकीपर. महिन्याची वर्गणी चार आणे, ज्याला जमत नसे त्याच्या नावापुढे "नारळ २" असं लिहिलेलं आहे, म्हणजे नारळ दिले तरी चालायचे.

आता तो सीझन. १९५५-५६.

१५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही चारी बाजूंनी गोव्यात शिरले, पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारनं नाकेबंदी आवळली, रेल्वे बंद, परमिटशिवाय सीमा ओलांडता येईना. आता हे इतिहासात वाचताना मोठं राजकारण वाटतं पण गावच्या क्लबात त्याचा अर्थ असा होता की मुंबईत धोबीतलावला गावाची जी कूड होती, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक राहायची जागा, तिथे राहणारे आमचे चार खेळाडू, जे दरवर्षी नाताळला यायचे आणि मे महिन्यापर्यंत जहाज मिळेस्तोवर खेळायचे, ते आलेच नाहीत. दोन्ही फुलबॅक त्यातच. एक हाफबॅक आग्वादच्या तुरुंगात, पत्रकं वाटताना पकडलेला. आणि तीन पोरं डिचोलीकडे खाणीवर. तेव्हा जपानला लोखंडाची माती जायला लागली होती, डोक्यावर घमेली वाहायची पण आठवड्याला रोख पैसे हातात, घरात खायला नसताना कोण कोणाला अडवणार.

म्हणजे तुमची सहा गेली, आमची आठ गेली.

वर मैदान गेलं. आमचं मैदान म्हणजे भाताचं शेत, डिसेंबरात कापणी-मळणी झाली की मेरा सपाट करायच्या आणि मान्सूनपर्यंत खेळायचं. त्या वर्षी तांदळाची ओढ होती म्हणून भाटकारानं, म्हणजे जमिनीच्या मालकानं, त्याच शेतात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात, लावलं. त्याला काय बोलणार, भात आधी. मग प्रॅक्टिस नदीकाठच्या रेतीवर, ओहोटीला. आजोबा रोज सकाळी पाणी बघायचे आणि पोदेराबरोबर निरोप द्यायचे, आज चार वाजता, उद्या पाच वाजता. पोदेर पाव घेऊन घरोघरी जायचाच, त्याच्याबरोबर प्रॅक्टिसची वेळ पण जायची.

शर्टांसाठी कापड नव्हतं. आजीनं घरातल्या मांजरपाटाचे शर्ट शिवले आणि निळीत बुडवले, घाम आला की पोरांच्या पाठी निळ्या. ती हे नेहमी हसत नाही तर रागानं सांगायची, कारण तिला वाटायचं की समोरची टीम आपल्या शिवणकामाला हसली.

आणि ब्लॅडर. लेदरच्या बॉलच्या आत रबरी ब्लॅडर असायचं, ते मुंबईहून यायचं, ते बंद. सायकलचं सोल्युशन लावून लावून त्यावर ठिगळाला जागा राहिली नाही तेव्हा शेजारच्या घरी नाताळचा डुक्कर मारला त्याचं मूत्राशय वाळवून फुगवून आत घातलं. आजोबांच्या आईला हे कळलं असतं तर घरात प्रलय झाला असता, म्हणून बॉल गोठ्यात राहायचा, तसाही त्याला चरबी चोळावी लागायची, नाहीतर चामडं कडक होऊन लेसची गाठ हेड करणाऱ्याचं कपाळ फोडायची. ते ब्लॅडर तीन मॅच टिकलं. वहीत "ब्लॅडर (शेजारून)" एवढंच आहे, खर्चाच्या रकान्यात शून्य.

बूट नव्हतेच कोणाकडे, पण ते काही त्या वर्षाचं दुखणं नव्हे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपली टीम फ्रान्सकडून २-१ हरली तेव्हा सुद्धा बहुतेक जण अनवाणीच होते. ज्यांना आज वाटतं की बूट नसले तर क्लब कसला, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

सीझनमध्ये नऊ मॅच. सात हरलो, दोन बरोबरीत. तुमच्यासारखाच एकही विजय नाही. पण मला सांगायची आहे ती जानेवारीतली मॅच, नदीपलीकडे पेडण्याच्या बाजूला.

होडीनं गेले, नऊच जण. पलीकडचं मैदान अगदी नदीला लागून. हाफटाइमला ३-० मागे. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या कोणीतरी जोरात मारलेला बॉल आजोबांच्या डोक्यावरून थेट पाण्यात आणि ओहोटी लागलेली. बॉल एकच होता, दोन्ही टीमना मिळून तो एकच, कारण त्यांचा आधीच फुटला होता आणि मॅच ठरली तीच आमच्या बॉलच्या भरवशावर. आजोबांनी गोल सोडला आणि उडी मारली. नदीचं पाणी तिथे ओहोटीला समुद्राकडे ओढतं, पोहणाऱ्यालाही नेतं. सगळे काठानं धावत होते, हिंदू देवाला आणि ख्रिश्चन सायबाला हाका मारत होते. पुढे खारव्यांनी जाळ्यासाठी पुरलेले खुंट होते त्यात बॉल अडकला आणि आजोबाही तिथेच खुंटाला धरून राहिले, एका खारव्यानं होडीतून दोघांना आणलं. पाऊण तास गेला. तोपर्यंत कोणी घरी गेलं नाही. पलीकडच्यांनी पेज आणली, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा, आजोबांना कोरडं धोतर दिलं आणि मग त्यांचा कॅप्टन म्हणाला की तुम्ही नऊ जण आहात, आमचे दोघं घ्या. त्यांचे दोन खेळाडू आमच्या बाजूनं खेळले. भिजलेला बॉल दगडासारखा जड. शेवटी ५-१ हरलो, आणि तो एक गोल केला त्यांनी दिलेल्या पोरानं, स्वतःच्या गावाविरुद्ध. वहीत त्या पोराच्या नावापुढे आजोबांनी लिहिलंय, "आमच्यातर्फे".

मी लहानपणी हे शंभर वेळा ऐकलंय आणि अजून मला वाटतं की जुन्या लोकांनी अशी वर्षं कशी काढली याचं उत्तर मला एवढंच येतं. समोरचा क्लब जगला पाहिजे ही त्यांचीही गरज होती, नाहीतर खेळणार कोणाशी? तुमच्या आसपास जे क्लब तुम्हाला हरवतायत त्यांच्याशी बोला. दोन खेळाडू मागा. मागायला लाज कसली.

आता तुमचा तो कॉन्ट्रॅक्टर.

त्याच सीझनच्या शेवटी, १९५६ च्या एप्रिलात, एक खाणवाला आला होता आजोबांकडे. शर्ट, बूट, मॅचला जायला लॉरी, सगळं देतो म्हणाला. बदल्यात क्लबला त्याचं नाव आणि टीममध्ये कोण खेळणार ते तो ठरवणार. वहीत त्या तारखेला आजोबांचं एक वाक्य आहे, "नाव द्यायचे नाही असे ठरले." ठरले म्हणजे मतं घेतली होती, आजोबांनी एकट्यानं ठरवलं नव्हतं, सेक्रेटरीच्या मिनिट्समध्ये हात वर केलेल्यांची नावंसुद्धा आहेत. तीन पोरं नाराज होऊन त्या खाणवाल्याच्या टीममध्ये गेली. ती टीम दोन वर्षांत संपली, मालकाचा मूड फिरला, लॉरी मातीच्या कामाला लागली.

आणि माझे एक काका आहेत, दर चतुर्थीला, गणपतीसमोर, जेवणं झाली की सुरू होतात. "आमच्या बाबांनी त्या दिवशी हट्ट केला नसता तर आज क्लब कुठच्या कुठे असता, बाबांनीच क्लब मारला." चाळीस वर्षं ऐकतेय हे. घरातली बायामाणसं गप्प बसतात, मी पण बसले. इथे नाही बसणार.

क्लब १९५६ ला मेला नाही. पुढच्या वर्षी आग्वादहून हाफबॅक सुटून आला, मुंबईकर दोघं कसेबसे डोंगरातून चालत आले, शेत परत मिळालं, चार मॅच जिंकलो. १९५९ ला गोवा फुटबॉल असोसिएशन निघाली, १९६१ ला गोवा मुक्त झाला, क्लब होताच. माझे बाबा खेळले त्यात. क्लब संपला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. १९८२-८३ ला गोव्यानं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी घेतली, बंगालबरोबर संयुक्त, सगळीकडे फटाके, आणि त्याच सुमाराला आमचं मैदान विकलं गेलं. तोपर्यंत कूळकायद्यानं ते शेत आमच्या घराच्या नावावर झालं होतं. आज तिथे दिल्लीवाल्यांचे बंगले आहेत, स्विमिंग पूलसकट. विक्रीच्या कागदावर सही कोणाची आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि ती आजोबांची नाही. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, त्यांना कोणी विचारलंही नाही. माझ्या बाबांनी विरोध केला म्हणून दोन वर्षं घरात बोलणं बंद होतं. सात मॅच हरून जे झालं नाही ते एका सहीनं झालं.

एक कबूल करते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. खाणीच्या आणि कंपन्यांच्या पैशाशिवाय गोव्याचा फुटबॉल एवढा वर गेला नसता. साळगावकर क्लब निघाला तोही १९५६ लाच, पुढे सेसा आणि डेंपो, आणि त्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, घरं चालली त्यावर. आमच्याकडे आलेला माणूस तसा नव्हता एवढंच. तुमचा कॉन्ट्रॅक्टर कसा आहे ते तुम्हाला माहीत. शर्टवर नाव छापू दे, पाठीवर, छातीवर, कुठेही. पण क्लबच्या नावात नको आणि टीम निवडण्यात तर अजिबात नको, आणि काय ते कागदावर लिहून घ्या, हात वर केलेल्यांच्या नावांसकट. काकांनाही तेव्हा पैशांची गरज होती, घरात एक आजारपण होतं, तेही खरं. पण म्हणून दोष आजोबांवर टाकायचा नाही.

पोरं गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पोटासाठी जाणारच. आमचे कूडीतले चौघं त्या वर्षी मुंबईत अडकले तेव्हा कूपरेजला जाऊन मॅच बघायचे आणि पुढच्या डिसेंबरात मेलबर्न ऑलिंपिकला मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, आपण ४-२ जिंकलो, तर कूडीत म्हणे आपल्याच क्लबचा पोरगा असल्यासारखी रात्रभर गाणी चालली. तुमच्या सहा जणांची वर्गणी बंद करू नका. त्यांना मे महिन्याची तारीख आत्ताच कळवा, लांबून आलेल्यांची एक मॅच ठेवा.

बंद करावा का, तर नाही. एवढंच उत्तर आहे माझं त्या प्रश्नाला. कोचिंग वगैरे मला कळत नाही, ते दुसरं कोणीतरी सांगेल.

पण तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की ग्राउंड ज्यांच्या जागेत आहे ते वारले आणि मुलं मुंबईत असतात. उद्याच्या उद्या तलाठ्याकडे जा, त्या जागेचा सातबारा काढा आणि वारसांमध्ये कोणाकोणाची नावं लागलीत ते बघा. टी-शर्टचं नंतर.