वाचकांचे प्रश्न : सेंट लुईसचा नदीकाठचा व्यापारी

अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरावर मागच्या अंकात लेख होता. 1764 मध्ये पिएर लाक्लेदने कातड्यांच्या व्यापारासाठी हे ठाणं वसवलं आणि पुढच्या 80-90 वर्षांत ते आगबोटींचं शहर झालं. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न घेतले आहेत.

व्यापारी फिलाडेल्फियाहून वर्षातून एकदा-दोनदाच माल आणायचा, असं लेखात आहे. मग भांडवल फिरायचं कसं? (हळदीचे एक आडते, सांगली)

खरं सांगायचं तर नीटसं फिरायचंच नाही, आणि बरीच दुकानं त्यातच बुडाली.

हिशेब असा. पूर्वेकडच्या फिलाडेल्फिया शहरात घाऊक पेढीवर माल साधारण 6 महिने ते वर्षभराच्या उधारीने मिळे, पण मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाई. तिथून पिट्सबर्गपर्यंत सुमारे 300 मैल डोंगराळ रस्ता, घोड्यांच्या मोठ्या गाड्यांनी 3 आठवडे. पिट्सबर्गला माल नावेत चढे आणि ओहायो नदीने सुमारे 980 मैल प्रवाहाबरोबर खाली येई. शेवटचे 180-190 मैल मिसिसिपीतून प्रवाहाविरुद्ध वर.

वसंतात नदी भरलेली असताना हे सगळं जमून जाई. गाड्यांना उशीर झाला की उन्हाळ्याच्या अखेरीस ओहायो आटलेली. लुईव्हिलजवळ नदी 2 मैलांत 26 फूट उतरते. पाणी कमी असलं की नाव रिकामी करायची, माल बैलगाडीने खाली न्यायचा आणि पुन्हा भरायचा. ही कटकट 1830 मध्ये कालवा झाल्यावर कमी झाली. आटलेल्या नदीत अडकलात तर माल हिवाळाभर तिथेच पडून, आणि मुदत मात्र चालूच.

गिऱ्हाइकाकडून वसुली व्हायची ती पीक किंवा कातडी हाती आल्यावर. म्हणजे देणं ठरल्या तारखेला, येणं मात्र हंगामाच्या मर्जीवर. म्हणून जाणता व्यापारी त्रिकोण साधे : कातडी आणि शिसं नदीने खाली न्यू ऑर्लिन्सला पाठवायचं, तिथल्या आडत्यावर मुदती हुंडी काढायची आणि तीच हुंडी फिलाडेल्फियाच्या सावकाराला देणं म्हणून धाडायची. तुमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. भाव दोन पैशांनी चुकला तर निभावे, हुंडीची तारीख चुकली की पत गेली.

आगबोटी येण्याआधी प्रवाहाविरुद्ध नाव नेत कशी? (एक विद्यार्थिनी, चिपळूण)

दोराने, माणसांकडून ओढून. त्या कामाच्या नावेला कीलबोट म्हणत : 60-70 फूट लांब, 15-18 फूट रुंद, पोटात 10-20 टन माल. दोर जवळजवळ 1,000 फुटांचा. तो नाकाशी न बांधता सुमारे 30 फूट उंच डोलकाठीच्या टोकाला बांधत, म्हणजे काठावरच्या झुडपांत अडकत नसे. पण टोकाला बांधलेल्या दोराने नाव गर्रकन फिरते. त्यावर तोड म्हणजे नाकाशी एक आखूड दोर, त्याच्या शेवटी कडी आणि मुख्य दोर त्या कडीतून ओवलेला. काठावरून 20 ते 40 माणसं ओढत, दिवसाला फार तर 15 मैल.

काठ तुटका असला की बांबूसारखे लांब वासे. नावेच्या दोन्ही कडांना पायवाट असे. नाकाशी वासा तळाला रोवायचा, त्याचं डोकं खांद्यात घ्यायचं आणि नाव पायाखालून पुढे ढकलत शेपटापर्यंत चालत जायचं. न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुईस असं यायला 3 महिने सहज लागत. पहिली आगबोट ‘झेब्युलॉन एम. पाईक’ 1817 च्या ऑगस्टमध्ये धक्क्याला लागली. 1844 मध्ये ‘जे. एम. व्हाइट’ने तेच अंतर 4 दिवसांच्या आत कापलं.

अपघाताचं मोठं कारण एकच, पाण्यातली झाडं. काठ ढासळून झाड नदीत पडलं की मुळं गाळात रुततात आणि शेंडा प्रवाहाच्या दिशेने कलतो. म्हणून खाली जाणारी नाव त्यावरून घसरून सुटू शकते, वर येणारी मात्र सरळ भाल्यावर जाते. हेन्री श्रीव्ह या आगबोटीच्या कप्तानाने 1829 पासून ‘हेलिओपोलिस’ या खास बोटीने ही झाडं उपटायला घेतली, तेव्हा धोका उतरला.

नाणी नव्हती तर गल्ल्यात काय असायचं? (एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

आधी कातडी. फ्रेंच-स्पॅनिश काळात केस तासून काढलेलं हरणाचं चांगलं कातडं हेच चलन. पौंडाला 40 सेंट धरत आणि दस्तांत देणी ‘कातड्यांत’ लिहीत. केस तासलेलं हवं, कारण केसांत कसर लागते.

मग स्पॅनिश डॉलर. तो 8 रेआलांचा (रेआल हे स्पॅनिश नाणं), म्हणून सुट्ट्यांसाठी छिन्नीने त्याचे 8 तुकडे पाडत; एक तुकडा साडेबारा सेंटचा. यातली लबाडी सोपी होती : एका डॉलरचे 8 ऐवजी 9 तुकडे करायचे, किंवा 4 पावल्यांच्या जागी 5. नजरेला फरक कळत नाही. म्हणून शहाणा दुकानदार तुकडे मोजण्याऐवजी तोलून घेई.

नोटा याहून वाईट. बँक ऑफ सेंट लुईस 1819 मध्ये बंद, बँक ऑफ मिसुरी 1821 मध्ये. त्याच वर्षी मिसुरी राज्याने (सेंट लुईस याच राज्यात) स्वतःची कर्जपत्रं चलन म्हणून काढली. ती दर्शनी किमतीला कोणी घेईना, वटाव कापूनच चालत. 1830 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

एका गठ्ठ्यात कातडी किती? (पत्ता नाही)

गठ्ठा सुमारे 100 पौंडांचा. बीव्हर या पाणथळीतल्या केसाळ प्राण्याचं कातडं दीड पौंडाच्या आसपास, म्हणजे साधारण 60 ते 80. रानरेड्याची (बायसनची) मात्र 10च. दाबून बांधलेला गठ्ठा उन्हाळ्यात तसाच ठेवला तर किडे पोखरतात. वखारीत तो अधूनमधून उघडून, झटकून, वारा देऊन पुन्हा आवळावा लागे. मजुरी वाचवायला हे टाळणाऱ्याचा वर्षाचा नफा किड्यांनी खाल्ला.

सेंट लुईसचा व्यापारी हेन्री शॉने चाळिशीतच धंदा सोडला, तो कसा? (एक वाचक, पुणे)

इंग्लंडमधल्या शेफील्डचा हा मुलगा 1819 च्या मे महिन्यात, 18 वर्षांचा असताना, सुऱ्या-कात्र्या आणि लोखंडी सामान घेऊन उतरला. भाड्याची एक खोली : तीच दुकान, तिथेच झोपणं, तिथेच हाताने रांधणं. त्याचा खरा फायदा मालाच्या जातीत होता. पोलादी सामान आकाराने लहान, किमतीने मोठं, ना सडणारं ना कसर लागणारं. दोन महिने वाटेत अडकलं तरी मोल उतरत नाही (नीट तेल लावलेलं असेल तर). 1839 च्या ताळेबंदात वर्षाची मिळकत 25,000 डॉलर दिसली, एवढं पुरे म्हणून त्याने धंदा आवरला. 1859 मध्ये त्याची बाग लोकांना खुली झाली, तीच आजची मिसुरी बोटॅनिकल गार्डन.

त्याच्याकडे गुलाम होते, हेही लेखात यायला हवं होतं. 1855 च्या मे महिन्यात काही जणांनी रात्री नदी पार करून पळायचा प्रयत्न केला, त्यांत त्याच्याकडची एस्थर आणि तिची मुलं होती. पकडली गेल्यावर एस्थरला मुलांपासून तोडून दक्षिणेकडे विकण्यात आलं.

सेंट लुईसचा धक्का उतरता का बांधला, सरळ भिंत का नाही? (एक स्थापत्य अभियंता, कोल्हापूर)

पाण्याच्या चढउतारामुळे. 1844 च्या पुरात तिथल्या मोजपट्टीवर पाणी 41 फुटांवर गेलं. सरळ भिंत असती तर उन्हाळ्यात बोट खोल खाली आणि पुरात रस्त्यावर. दगडी फरसबंदीच्या उतारावर पाणी जिथे असेल तिथे नाक टेकवता येतं, फळी टाकली की पिंपं गडगडत वर. गाळाची अडचण वेगळी : प्रवाह पलीकडच्या काठाकडे सरकून धक्क्यापुढे वाळूचं बेट वाढत होतं. 1837 पासून रॉबर्ट ली या लष्करी अभियंत्याने (तोच, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेला) बांध घालून प्रवाह पुन्हा शहराकडे वळवायला घेतला, आणि वाळू हळूहळू वाहून जाऊ लागली.