हार्मोनची गोळी आणि चढलेलं बीपी

ताई, तुम्ही विचारलंय, पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघतात म्हणून हार्मोनची गोळी सुरू केली, दोन महिन्यांत बीपी 146/92 झालं, तर ती बंद करू का? स्वतःच्या मनाने नको. हार्मोन कोणत्या वाटेने शरीरात जातंय, यावर बरंच अवलंबून आहे.

पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे या गोळीतलं मुख्य हार्मोन, आधी यकृतात पोचतं. तिथे त्याच्यामुळे अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनतं. पुढे त्यातूनच रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात मुरतो, यकृताला एवढा धक्का बसत नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लाखाहून जास्त बायकांच्या नोंदींचा अभ्यास 2023 साली आला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या या बायकांमध्ये, कातडीवाटे घेणाऱ्यांपेक्षा गोळीवाल्यांना उच्च रक्तदाबाचा धोका 14 टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे गोळी घेतली की प्रत्येकीचं चढतंच, असं मुळीच नाही.

माझं चढलं होतं. डॉक्टरांनी गोळी काढून जेल दिलं. गर्भपिशवी काढलेली नसल्याने रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल तशीच ठेवली. ती सोडली तर पिशवीचं अस्तर वाढत जातं. बीपी उतरलं, पण पुरतं नाही. अखेर बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन लागलीच. आईला बीपी, माझं वजन, ताटात रोज लोणचं-पापड. याचं खापर हार्मोनवर कसं फोडू? पाळी गेल्यावर बीपी तसंही चढू लागतं.

तुम्ही आठवडाभर घरी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, आधी अर्धा तास चहा नाही, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा. दंडाचा पट्टा लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो, माझा पहिला तसाच होता. सरासरी 135/85 च्या वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'गोळीऐवजी जेल चालेल का' असं सरळ विचारा. पूर्वी रक्ताची गाठ, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी ते सांगा. आकडा 180/120 ला पोचला किंवा छातीत दुखलं, तर वही राहू दे, तडक दवाखाना.

आणि जेल मिळालंच, तर सुकेपर्यंत नातवंडांना कडेवर घेऊ नका. त्यांच्या कातडीला लागतं ते.