‘वन हेल्थ’मध्ये नेमकं काय शिकतात? मायक्रोबायोलॉजी करणाऱ्या मुलीने तिकडे वळावं का?

तुम्ही ऐरोलीत राहता, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि माणसं, जनावरं व परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास, म्हणजे ‘वन हेल्थ’ (एकच आरोग्य), हा खरा विषय आहे की नुसतं नवीन नाव, असं विचारलंय. मी पशुवैद्यक आहे. विटावा ओलांडलं की कळव्यात माझा दवाखाना. विषय खरा आहे, आणि तो मला पुस्तकाआधी एका कुत्र्याने शिकवला.

ऑगस्ट महिना होता, दोन दिवस पाणी तुंबून नुकतंच ओसरलं होतं. चाळीतलं एक कुटुंब आपला गावठी कुत्रा घेऊन आलं. उलट्या, डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी गडद. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची, शंका आली, तपासणीत तेच निघालं. सवयीने विचारलं, घरात कुणाला ताप आहे का? आई म्हणाली, धाकट्याला तीन दिवस आहे, व्हायरल म्हणालेत. त्या डॉक्टरांना घरात कुत्रा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. मी चिठ्ठी लिहून त्यांना लगेच परत पाठवलं. मुलालाही लेप्टोच होता. औषध वेळेत सुरू झालं आणि तो बरा झाला. कुत्राही वाचला.

पण घरच्यांनी अर्थ काढला की कुत्र्यामुळे मुलाला झालं, आता त्याला लांब सोडून येतो. म्हणून मी चाळीत जाऊन आलो. मागे नाला, नाल्याच्या काठाला मासळी-मटणाचा कचरा, आणि कचऱ्याखाली उंदरांची बिळंच बिळं. उंदीर स्वतः आजारी न पडता लघवीतून हे जंतू कितीतरी महिने सोडत राहतो. पाणी तुंबलं की ते पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. मूल आणि कुत्रा दोघंही त्याच पाण्यातून गेले होते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती याच वाटेने. आता बघा, कुत्रा माझ्याकडे, मुलगा त्यांच्या डॉक्टरांकडे, उंदीर एका खात्याकडे, कचरा दुसऱ्याच खात्याकडे. चौघांची माहिती एका टेबलावर आणायची आणि रोग कुठून सुरू झाला ते शोधायचं, हाच तुमचा अभ्यासक्रम.

दुसरं उदाहरण आमच्या व्यवसायाला बोचणारं आहे. गिधाडं झपाट्याने मरू लागली तेव्हा बरीच वर्षं एखाद्या विषाणूवर संशय होता. मेलेली गिधाडं फाडून पाहिल्यावर अवयवांवर यूरिक ॲसिडचा पांढरा थर दिसला, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. 2004 मध्ये कारण प्रसिद्ध झालं : डायक्लोफिनॅक. जनावराचं दुखणं कमी व्हावं म्हणून आम्हीच टोचलेलं इंजेक्शन. ते जनावर मेलं की औषध गिधाडाच्या पोटात जायचं. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीही एकाच डोसची 3 मिलिलिटरची बाटली सक्तीची झाली. माणसाच्या औषधाची बाटली लहान करायची, ती गिधाडासाठी! मला हे अजून थक्क करतं.

तळोज्याची, कारखान्याच्या रंगाने अंग निळं झालेली कुत्री तुम्हाला आठवत असतील, ऑगस्ट 2017. रंग दिसला म्हणून बातमी झाली. कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल मच्छीमार त्याआधीपासून तक्रार करत होते.

आता तुमच्या निर्णयाबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : आधी एक विषय पक्का करा, मग त्याला हे जोडा. प्रयोगशाळा येत नाही, आकडेवारी येत नाही आणि हातात फक्त ‘वन हेल्थ’ची पदवी, अशाने अडचण होईल. पशुवैद्यकांचं पदव्युत्तर शिक्षण तुम्हाला मिळणार नाही, त्याला आमचीच पदवी लागते. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून साथरोगशास्त्राकडे जा, किंवा सार्वजनिक आरोग्यातलं एमपीएच बघा. देशपातळीवर हे काम वाढतंय. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला नसेल तर एक सुचवतो. एका तबेल्याच्या गटारातलं आणि एका वस्तीच्या गटारातलं पाणी घ्या, दोन्हींतून ई. कोलाय (आतड्यात राहणारे जंतू) वेगळे करा, औषध लावलेल्या कागदी चकत्या म्हणजे डिस्क लावून कोणत्या प्रतिजैविकाला कोण दाद देत नाही ते बघा. नमुना कसा आणि कुणासोबत घ्यायचा ते आधी गाईडशी बोलून ठरवा, हातमोजे विसरू नका. तबेलेवाल्याला कोणती इंजेक्शनं देतो तेही विचारा, नीट विचारलं तर सांगतो. फक्त दूध काढायच्या वेळी जाऊ नका. अनोळखी माणूस दिसला की म्हशी बुजतात, पान्हा चोरतात, आणि मग तो तुमच्याशी बोलणार नाही. सकाळी दहानंतर जा.