हृदयाच्या रक्तवाहिन्यांभोवती चरबी असणं म्हणजे ब्लॉकेज का?

नाही. वडिलांच्या सीटी रिपोर्टमध्ये धमन्यांभोवती चरबी लिहिलीय म्हणून तुम्ही घाबरलात, पण ब्लॉकेज धमनीच्या आतल्या भिंतीत तयार होतं. ही चरबी बाहेरून चिकटलेली असते आणि प्रत्येकाला असतेच.

मुळात ती उपयोगी आहे. निरोगी शरीरात ती ॲडिपोनेक्टिनसारखी द्रव्यं सोडते, त्यांनी धमनी सैल राहते. १९९१ मध्ये सोल्टिस आणि कॅसिस या संशोधकांनी उंदरांच्या महाधमनीवर हे दाखवलं: भोवतीची चरबी तशीच ठेवली, तर नॉरॲड्रेनॅलिन या धमनी आवळणाऱ्या संप्रेरकाने ती कमी आवळते.

बिघाड होतो तो लठ्ठपणा आणि मधुमेहात. चरबीच्या पेशी फुगतात, तिथे सूज येते आणि तीच चरबी दाह वाढवणारी द्रव्यं थेट धमनीच्या भिंतीत सोडू लागते, कारण हृदयाच्या धमन्या आणि ही चरबी यांच्यात पडदाच नसतो. उलटंही घडतं, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो: सुजलेली धमनी शेजारच्या चरबीचं रूप बदलते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सीटीवर हाच बदल मोजून धोका ओळखायची पद्धत काढली.

वडिलांची कंबर मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंमीच्या वर, स्त्रियांत ८० च्या वर काळजी घ्यायची. नियमित व्यायामाने ही चरबी कमी होते, तेव्हा डॉक्टरांना विचारून रोज नाशिकच्या गोदापार्कला भरभर चालायला न्या. डोंगरावरच्या पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र हृदयाची तपासणी झाल्याशिवाय नकोत. साखर, बीपी, कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.