भयपटावर लिहिणार आहेस ना?

अरे, पहिल्याच लेखात कथानक सांगत बसू नकोस. तू नेमका कुठे दचकलास, तेवढंच धर. आपल्याकडे कोकणात जत्रेत रात्री उशिरा दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, काळ्या वेशातला संकासुर राक्षस येतो. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. लहानपणी मी आजीच्या पदरात तोंड लपवलं, पण एका डोळ्याने बघतच राहिलो. ते बघणं लिही!

कबड्डीच्या सामन्यावर लिहितानाही तेच. चढाई ३० सेकंदांची. बोनस रेषेपलीकडे, म्हणजे जिथे पाय टेकवून जादा गुण मिळवतात तिथे, चढाई करणाऱ्याचा मागचा पाय हवेत उचलला गेला का, ते बघ. खरी गंमत तिथेच आहे. गुणफलक सगळेच छापतात.

रहस्यकथेचा शेवट मात्र फोडू नकोस, बाबा. आणि लिहिलेलं रात्रभर ठेव, सकाळी मोठ्याने वाच.